युरोप परिषदेची प्रश्नवही आणि वर्गात नाकारलेला पेढा

युरोपातील देशांची संघटना असलेल्या युरोप परिषदेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली 'ऑटोबायोग्राफी ऑफ इंटरकल्चरल एन्काउंटर्स' ही प्रश्नवही इंग्रजीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी एकदा स्वतः भरून पाहावी, असे मला मनापासून वाटते, आणि हे परीक्षण मी त्यासाठीच लिहीत आहे. वही मोफत आहे. परिषदेच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते आणि छापून हवी असेल तर खर्च काय तो झेरॉक्सचा. तरीही आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणात तिचे नाव मी क्वचितच ऐकले. याच परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली भाषाक्षमतेची ए-वन ते सी-टू ही शिडी मात्र खासगी वर्गांच्या पाट्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. विद्यार्थी कोणत्या पायरीवर उभा आहे हे ती शिडी सांगते. त्याला शिकवणाऱ्या माणसाचे डोळे किती उघडे आहेत, हे तपासण्याचे साधन आपण त्याच दारातून आणायचे विसरलो.

वहीचे स्वरूप साधे आहे. आपल्यापेक्षा वेगळ्या सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या माणसाशी आलेला एकच प्रसंग निवडायचा आणि त्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने लिहायची. प्रसंगाला नाव द्यायचे; काय, कुठे आणि केव्हा घडले ते सांगायचे; समोरची व्यक्ती कोण होती, मला काय वाटले, तिला काय वाटले असेल, आमच्यात सारखे काय होते आणि वेगळे काय होते, आम्ही एकमेकांशी बोललो कसे, जे कळले नाही त्याचा मी पुढे शोध घेतला का, तुलना करून काही उमगले का, आणि शेवटी मागे वळून पाहताना व पुढचा विचार करताना काय दिसते, असे हे टप्पे आहेत. सुरुवातीला 'मी कोण' असा एक ऐच्छिक भाग आहे. वेगळी पार्श्वभूमी म्हणजे परदेशच, असे वही मानत नाही; दुसऱ्या प्रांतातला, दुसरी भाषा बोलणारा, दुसऱ्या धर्माचा किंवा वांशिक गटाचा आपल्याच देशातला माणूसही त्यात येतो. 'आफ्रिकन विद्यार्थी कसे असतात' किंवा 'जपानी लोकांचे शिष्टाचार' अशा मथळ्यांना मात्र तिच्यात जागाच नाही. शिक्षकांना 'संस्कृती' शिकवण्याच्या नावाखाली कोणाशी हस्तांदोलन करावे आणि कोणाला कोणती भेटवस्तू देऊ नये अशा याद्या हातात दिल्या जातात, त्या मी भरपूर पाहिल्या आहेत. वर्गात सात देशांची बावीस मुले बसलेली असतात तेव्हा त्या याद्या पहिला आठवडाही पुरत नाहीत.

मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. पुण्याला हे विद्यार्थी नवे नाहीत, डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था सुरू केली ती परदेशी विद्यार्थ्यांचे हाल पाहूनच, हे पुणेकरांना ठाऊक आहे. माझ्या वर्गात इराण, येमेन, अफगाणिस्तान, सुदान अशा ठिकाणांहून मुले येतात, आणि पदवीच्या अभ्यासाआधी त्यांचे इंग्रजी पक्के करणे हे माझे काम. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात मी त्यांना काही देऊ करणे आणि नाकारणे यांची इंग्रजी वाक्ये शिकवत होते. चहा हवा का, असे इंग्रजीत कसे विचारावे, हवा असेल तर काय म्हणावे, नको असेल तर 'नो, थँक यू' कसे म्हणावे. शिकवताना मी ठामपणे एक नियम सांगितला: इंग्रजीत नको म्हणजे नको, एकदा नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्यावर दडपण आणणे.

आठवड्याच्या शेवटच्या तासाला मी सातारी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन बाकांमधून फिरले. तिसऱ्या बाकावर एक इराणी विद्यार्थी बसला होता. त्याने उजवा हात छातीवर ठेवला, मान किंचित झुकवली आणि म्हणाला, 'नो, थँक यू, मॅडम.' वाक्य अगदी मी शिकवल्यासारखे होते. मी हसून मान डोलावली आणि पुडा पुढच्या बाकावर नेला. सगळ्यांना वाटून झाल्यावर अर्धा पुडा माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि तो विद्यार्थी त्या पुड्याकडे पाहत होता, हे मला दिसले होते, पण मी त्याचा काहीही अर्थ लावला नाही. सुट्टीनंतर तो एका मित्राला सोबत घेऊन आला आणि त्याने विचारले, 'मॅडम, माझं काही चुकलं होतं का?' मला प्रश्नच कळला नाही. मग त्या मित्राने समजावून सांगितले की त्यांच्याकडे कोणी काही देऊ केले तर आधी नाकारणे ही रीत आहे, देणारा पुन्हा विचारतो, घेणारा पुन्हा नको म्हणतो, आणि मग कुठे हात पुढे होतो. फारसीत या साऱ्या शिष्टाचाराला तारुफ म्हणतात. मी दुसऱ्यांदा विचारले नाही, त्यामुळे मॅडम रागावल्या आहेत असे समजून त्या मुलाने अख्खी सुट्टी काढली होती.

हाच प्रसंग मी वहीत भरला. पहिला रकाना शीर्षकाचा. मी लिहिले, 'पेढा नाकारणारा विद्यार्थी'. आपल्या भावनांचा भाग सहज लिहून झाला: ओशाळले, वाईट वाटले, वगैरे. त्यानंतरच्या भागात समोरच्या व्यक्तीला त्या क्षणी काय वाटत असेल असे तुम्हाला तेव्हा वाटले, असा प्रश्न आहे, आणि तिथे माझे पेन अडले. बराच वेळ विचार करून मी लिहिले, 'त्याला गोड आवडत नसावे असे वाटले.' लिहिलेले वाचल्यावर लक्षात आले की यात भावना कुठेच नाही. पुढच्या बाकावर जाण्यासाठी मी शोधलेली ती सबब आहे. पंधरा वर्षे शिकवणाऱ्या बाईला तीस सेकंदांच्या एका प्रसंगात समोरच्या माणसाच्या मनाविषयी एकही वाक्य लिहिता येऊ नये, हे मला त्या रकान्याने दाखवले. या वहीतला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच आहे. तो भरताना माणूस खोटे लिहू शकतो, पण लिहिलेले खोटे आहे हे त्याचे त्यालाच लगेच दिसते.

त्यापुढचा भाग सारखेपणाचा आणि वेगळेपणाचा, आणि तो फार विचारपूर्वक रचला आहे. कोणते साम्य आणि कोणते वेगळेपण तेव्हा जाणवले, हे आधी विचारले आहे. आता मागे पाहताना आणखी काय जाणवते, हे वेगळे विचारले आहे. 'तेव्हा'च्या खाली मी फक्त वेगळेपण लिहिले होते. 'आता'च्या खाली लिहू लागले तेव्हा मला माझे आजोळ आठवले. पंगतीत जिलबीचे ताट घेऊन मामा यायचे, आम्ही दोन्ही हात पानावर आडवे धरायचो, आणि 'एक तरी, माझ्यासाठी' असे ते म्हणाल्याशिवाय हात बाजूला होत नसत. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारे मूल आमच्या घरी हावरट ठरायचे. आजही कोणाकडे गेले आणि चहाचे विचारले की माझ्या तोंडून आधी 'नको, कशाला त्रास' हेच निघते. तारुफ ही माझ्यासाठी परकी गोष्ट नव्हतीच. आग्रह आणि नको-नको यांत मी वाढले आहे. वर्गात पाऊल टाकताना इंग्रजीबरोबर मी एक तिसरीच रीत अंगावर चढवली होती, जी माझी नव्हती आणि त्या मुलाचीही नव्हती, आणि तिच्या नियमांनी मी आम्हा दोघांना वागायला लावले.

इंग्रजीच्या शिक्षकांची आंतरसांस्कृतिक जाण हा विषय मला वेगळा आणि तातडीचा वाटतो तो याच कारणाने. गणिताच्या शिक्षकालाही वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले भेटतात, पण वाक्यासोबत वागणूकही शिकवावी लागते ती भाषेच्या शिक्षकाला. 'प्लीज' कुठे लावावे, मोठ्या माणसाला नावाने हाक मारावी का, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे का, हे सारे आपण व्याकरणाच्या थाटातच सांगून टाकतो. मराठीत निघताना आपण 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. त्याच मुलाने इंग्रजीत निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हटले की आपण लाल शाईने रेघ मारतो. चूक सुधारायलाच हवी. पण त्या चुकीच्या तळाशी एक सुंदर समजूत आहे, हे त्या मुलाला सांगणारा शिक्षक मला विद्यार्थिदशेत भेटला नाही आणि मीही कित्येक वर्षे तो झाले नाही.

वही तयार करणाऱ्यांत भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकल बायरम आणि मानसशास्त्रज्ञ मार्टिन बॅरेट ही नावे आहेत. बायरम यांनी १९९७ मध्ये मांडलेली आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेची चौकट या प्रश्नांच्या मागे उभी आहे. त्या चौकटीत कुतूहल आणि मोकळेपणा, आपल्या व दुसऱ्याच्या समाजाचे ज्ञान, अर्थ लावण्याचे कौशल्य, प्रत्यक्ष संवादात शोध घेण्याचे कौशल्य आणि स्वतःच्या संस्कृतीलाही तपासणारे चिकित्सक भान असे पाच घटक आहेत. आपल्या शिक्षकांना मला तीतली एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचे अनुकरण हे ध्येय बायरम यांनी बाजूला ठेवले आणि त्याच्या जागी दोन संस्कृतींमध्ये जाणतेपणाने ये-जा करणारा वक्ता आणला. आपले उच्चार लंडनसारखे नाहीत म्हणून आयुष्यभर खालमानेने शिकवणारे कितीतरी मराठी शिक्षक मी पाहिले आहेत. या निकषावर पाहिले तर घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलणारा धुळ्याचा शिक्षक लंडनच्या एकभाषी शिक्षकापेक्षा कुठेच मागे नाही. ये-जा करण्याचा सराव त्याला लहानपणापासूनच आहे.

पुढे नंदुरबारमध्ये जिल्हा परिषद शाळांच्या चौदा शिक्षकांसोबत दोन दिवस बसण्याची संधी मिळाली तेव्हा मी वहीचे प्रश्न सोबत नेले. शीर्षकापासूनच अडचण आली. एन्काउंटर हा शब्द आपल्याकडे पोलिसी चकमकीसाठी इतका रुळला आहे की तो ऐकताच समोरच्या चेहऱ्यांवर प्रश्नचिन्ह उमटले. मग आम्ही 'गाठ पडली तो प्रसंग' असे म्हणू लागलो. पहिल्या दिवशी सर्वांनी इंग्रजीत लिहिले, कारण आपण इंग्रजीचे शिक्षक आहोत ही जबाबदारी त्यांना वाटत होती. लेखन निर्दोष होते आणि त्यात काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी मराठीत लिहा म्हटल्यावर तेच शिक्षक तीन-तीन पाने लिहून थांबले.

त्यांतल्या सोलापूरकडच्या एका गुरुजींचे लेखन त्यांच्या परवानगीने सांगते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या बाजूच्या शाळेत ते पहिलीला इंग्रजी शिकवत होते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला ते मराठीतून समजावले जाते, म्हणजे एक अनोळखी भाषा दुसऱ्या अनोळखी भाषेच्या आधाराने. विषय होता 'माय हाउस'. चित्रात बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली. गुरुजींनी एका मुलाला विचारले, तुझी बेडरूम कुठे आहे? मुलगा गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला की शब्द पाठ नाहीत. महिनाभराने त्या मुलाच्या घरी जाण्याचा योग आला तेव्हा त्यांनी पाहिले की घराला आतून भिंतीच नव्हत्या, आणि त्याच छपराखाली एका बाजूला बैल बांधलेले होते. मुलाला शब्द येत होता, पण त्याच्याकडे बोट दाखवायला खोली नव्हती. 'समोरच्याला काय वाटले असेल' या रकान्यात गुरुजींनी लिहिले आहे: 'माझं घर चुकीचं आहे, असं त्याला वाटलं असेल.' मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा खोलीतले कोणीही काही बोलले नाही.

आता वहीच्या मर्यादांकडे वळते. ही वही २००८ च्या श्वेतपत्रिकेच्या पाठोपाठ आली. परिषदेच्या त्या श्वेतपत्रिकेचा विषय समान प्रतिष्ठेने एकत्र राहणे हा होता, आणि प्रश्नांची घडणही अशीच आहे की दोन माणसे साधारण एका पातळीवरून एकमेकांना भेटत आहेत. शिक्षक आणि सहा वर्षांचे मूल एका पातळीवर नसतात. कोण कोणाला प्रश्न विचारू शकतो, हे आधीच ठरलेले असते. त्यासाठी वहीत एक वेगळा प्रश्न हवा होता. मी माझ्यापुरता तो जोडला आहे: या प्रसंगात गप्प बसण्याची मोकळीक कोणाला होती आणि बोलण्याची सक्ती कोणावर होती?

दुसरी मर्यादा आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. देश, प्रांत, भाषा, धर्म, वंश हे सारे वही उच्चारते. जात तिच्या यादीत नाही, आणि युरोपात तयार झालेल्या साधनात ती असण्याची अपेक्षाही नाही. पण इंग्रजीच्या पहिल्या तासाला 'व्हॉट इज युअर फुल नेम' हा प्रश्न विचारला जातो आणि महाराष्ट्रात आडनाव सांगताक्षणी वर्गातल्या काही माना वळतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. 'मी कोण' हा भाग अशा वर्गात भरून घेणे मला धोक्याचे वाटते. वहीने तो ऐच्छिक ठेवला आहे ते योग्यच आहे. माझे म्हणणे असे की आपल्याकडे शालेय विद्यार्थ्यांना तो देऊच नये, आणि शिक्षकांनीही तो घरी लिहून घरीच ठेवावा. नंदुरबारला मी तो भाग वाटला नव्हता, आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो.

याच्याशी जोडलेला मुद्दा गुणांचा. वही भरणाऱ्याची असते, ती दाखवायची की नाही हे तोच ठरवतो आणि तिचे मूल्यमापन करायचे नाही, ही भूमिका तिच्या रचनेतच आहे. आपल्याकडे कोणताही कागद आला की तो फाइलला लागतो. एका ठिकाणी मला या वह्या गोळा करून दहापैकी गुण द्यायला सांगितले गेले, तेव्हा मी उपक्रम तिथेच थांबवला. गुणांसाठी लिहिलेला पश्चात्ताप वाचण्यात कोणाचेही हित नाही, आणि ज्या मुलाने खरोखर मन मोकळे केले आहे त्याचा तो विश्वासघात होतो.

लहान मुलांसाठीची स्वतंत्र आवृत्ती साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या वयासाठी असून तिचे प्रश्न मोठ्यांनी वाचून दाखवता येतात. ती चांगली आहे, पण आपल्या शाळांत ती मराठीत किंवा मुलांच्या बोलीत आणल्याशिवाय उपयोगाची नाही. चित्रे आणि चलच्चित्रे यांतून घडणाऱ्या ओळखीसाठी २०१३ मध्ये आलेली जोडवही पाठ्यपुस्तकातील चित्रांकडे पाहण्यासाठी मला फार कामी आली. 'माय हाउस'चे चित्र तिच्यातल्या प्रश्नांनी तपासले असते तर धडगावचा प्रसंग कदाचित टळला असता. संकल्पना आणि सिद्धांतांची सोबतची पुस्तिका जड आहे. ती आधी वाचायला घेऊ नये. एक प्रसंग भरून झाल्यावर वाचली तर तिच्यातली वाक्ये ओळखीची वाटू लागतात.

वेळेविषयी सांगायचे तर प्रामाणिकपणे भरायला दीड ते दोन तास लागतात आणि ते सलग मिळाले तर बरे. काही प्रश्न एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की तेच पुन्हा लिहितो आहोत असे वाटते. असे वाटले तर तो प्रश्न सोडून द्यावा. भरलेली वही वर्षभराने पुन्हा उघडावी. मी उघडली तेव्हा पेढ्याच्या प्रसंगाचे शीर्षक खोडून 'एकदाच विचारणारी शिक्षिका' असे केले, आणि 'या अनुभवामुळे तुम्ही काही करायचे ठरवले का' या शेवटाकडच्या प्रश्नाखाली नवे उत्तर लिहिले. 'नो, थँक यू'चा धडा मी अजूनही शिकवते, नियमही तोच सांगते, पण आता आधी प्रत्येकाला विचारते की तुमच्या घरी पाहुण्याला किती वेळा विचारतात, आणि उत्तरे फळ्यावर देशाऐवजी त्या त्या विद्यार्थ्याच्या नावासमोर लिहिते, कारण एकाच शहरातून आलेल्या दोघांचे आकडेही वेगळे निघतात. त्या यादीत मीही माझे नाव घालते.

मूळ वही इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये तयार झाली; मराठी आवृत्ती माझ्या पाहण्यात नाही. वर्गापुरता मी केलेला अनुवाद पूर्ण होत आला आहे. 'अदर पर्सन'साठी 'इतर व्यक्ती' आणि 'दुसरी व्यक्ती' असे दोन्ही करून पाहिले आणि शेवटी 'समोरची व्यक्ती' ठेवले. दुसरी म्हटले की ती लांब जाते. समोरची म्हटले की तिच्याकडे पाहावे लागते. 'आयडेंटिटी'साठी 'ओळख' वापरावे की 'आपलेपण', हे अजून ठरलेले नाही. नंदुरबारच्या शिक्षकांचे मत 'ओळख'कडे आहे, कारण हा शब्द मुलांना येतो.